गुहागर: पंचांग बघून करायची सहल

पहिल्यांदा गुहागरला गेलो तेव्हा सकाळी नऊलाच हेदवीची बामणघळ गाठली होती. लवकर उठून, चहासुद्धा अर्धवट टाकून. घळ म्हणजे किनाऱ्यावरच्या काळ्या कातळातली लांबलचक चिंचोळी भेग. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि वाट न मिळाल्यामुळे कारंजासारखं उसळतं, असं ऐकलं होतं. आम्ही वाकून पाहिलं तर तळाशी हातभर पाणी, त्यात दोन खेकडे. शेजारच्या उमामहेश्वराच्या देवळापाशी बसलेले एक आजोबा आमची गंमत बघत होते. म्हणाले, "आज षष्ठी. पाणी साडेचाराला. आत्ता काय बघताय?"

साडेचारला आमची गाडी चिपळूणच्या वाटेवर होती.

त्यानंतर बरेचदा गेलो, आणि एवढं पक्कं झालं की गुहागरला काय बघायचं याची यादी कुणीही देईल. कधी बघायचं ते समुद्र ठरवतो. ते गणित एकदा जमलं की तीन रात्रींत सगळं निवांत होतं. नाही जमलं तर चिखल, कोरडे खडक आणि भलत्या वेळी बंद दारं पदरी पडतात. म्हणून सुरुवात हॉटेलपासून न करता तिथीपासून करू.

आधी तिथी बघा

भरती-ओहोटीचे तक्ते मोबाइलवर मिळतात, ते जरूर बघा. पण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा जास्त कामाचा, कारण तो डोक्यात राहतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, की भरतीची वेळ आली. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती आणि दुपारी पुन्हा तेवढ्याच वाजता. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून तर पाऊणपट. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. हा ठोकताळा आहे, रेल्वेचं वेळापत्रक नव्हे. (कोकणात रेल्वेचं वेळापत्रकही ठोकताळाच असतं, ते वेगळं.)

आता याचा उपयोग. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. त्या दिवसांत भरती दुपारी सव्वाअकरा ते एकच्या दरम्यान येते. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला किनारा पार मोकळा, ओल्या वाळूचं मैदान. आणि भर दुपारी, एरवी खोलीत पडून राहायचं त्या वेळी, बामणघळीत पाणी. याहून सोयीची मांडणी कुणी करून दिली नसती.

अष्टमीच्या आसपास नेमकं उलटं. तेव्हा भांगाची भरती असते, पाण्याचा चढउतार कमी, आणि भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. सूर्यास्ताला फिरायला गेलात तर चालायला वाळूचा अरुंद पट्टाच उरतो. समुद्र मात्र त्या मानाने शांत असतो, त्यामुळे लहान मुलं बरोबर असतील तर अष्टमीचा आठवडाही वाईट नाही.

तेव्हा जोडून सुट्टी दिसली की लगेच आरक्षण करू नका. कॅलेंडरच्या त्या चौकोनात खाली बारीक अक्षरांत तिथी लिहिलेली असते, ती वाचा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या दोन दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंतचा शनिवार-रविवार मिळाला तर सोन्याहून पिवळं.

कोणत्या महिन्यात

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बिनधास्त. हवा कोरडी, रात्री अंगावर पांघरूण लागेल इतका गारवा, आणि फेब्रुवारी सरता सरता कासवांची पिल्लंही दिसू शकतात. मार्चमध्ये शिमगा असतो. पालख्या गावातून फिरतात, घरोघरी जातात, ढोलांचा आवाज रात्री उशिरापर्यंत येतो. तो बघायलाच जायचं असेल तर उत्तम. शांतता हवी असेल तर तो आठवडा टाळा. मे महिन्यात आंबा आहे, फणस आहे, करवंदं आहेत आणि सुट्टीवर आलेला प्रत्येक चाकरमानीही आहे. उकाडा इतका की दुपारी पंखासुद्धा घामच वाळवतो. तरीही आंब्यासाठी जाणारे जातात. मीही गेलोय, तक्रार नाही.

पावसाळ्याबद्दल दोन मतं आहेत. वाड्या, डोंगर, घाट हे सगळं जून ते सप्टेंबरमध्ये दिसतं तसं पुन्हा कधी दिसत नाही. पण समुद्रात पाऊल टाकायचं नाही, हे घरून ठरवूनच निघायचं. मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, त्यामुळे ताज्या मासळीचीही फार आशा धरू नका. वादळी हवेत फेरीबोट थांबते. गणपतीच्या दिवसांत तर मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. तुमचं गाव तिथं नसेल तर त्या आठवड्यात तुमचं तिथं काही काम नाही.

पोचायचं कसं

गुहागरला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन चिपळूण, तिथून गुहागर साधारण 45 किलोमीटर. गाव आजही शांत राहिलंय त्यात या 45 किलोमीटरचा वाटा मोठा आहे, असं माझं मत.

रेल्वेने येणार असाल तर आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आणि लांबच्या सुट्ट्यांची तिकिटं त्याच सकाळी संपतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालवतात. परतीचं गणित त्यावरून करा. चिपळूण स्टेशन शहराच्या कडेला आहे. रिक्षाने एसटी स्थानकावर या, तिथून गुहागरची एसटी. दीड तास धरा. बॅगा जास्त असतील किंवा म्हातारी माणसं असतील तर स्टेशनवरूनच गाडी ठरवलेली बरी. राहायला जिथं उतरणार तिथल्या मालकांना आदल्या दिवशी फोन केला की ओळखीतला कुणीतरी पाठवतात.

स्वतःच्या गाडीने मुंबईहून येताना राष्ट्रीय महामार्ग 66 ने चिपळूण आणि तिथून पश्चिमेला वळायचं. पुण्याहून दोन रस्ते: एक ताम्हिणी उतरून माणगाव-महाडमार्गे, दुसरा उंब्रज-पाटण-कोयनानगर करून कुंभार्ली घाटाने थेट चिपळुणात. दुसरा मला जास्त आवडतो, पण पावसात आणि रात्री कुंभार्ली नको. धुकं उतरलं की पुढच्या ट्रकचा लाल दिवासुद्धा दिसत नाही.

तिसरा रस्ता हौसेचा. दापोलीकडून दाभोळला यायचं आणि फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरायचं. बोटीवर मोटारी, दुचाकी, माणसं, कोंबड्या सगळं चढतं. दहा-पंधरा मिनिटांत पैलतीर, तिथून गुहागर अर्ध्या तासावर. शेवटची बोट किती वाजता हे निघायच्या आधी विचारून ठेवा. चुकली तर समोर दिसणाऱ्या गावाला पोचायला चिपळूणचा मोठा वळसा पडतो.

चिपळुणातच टाकी भरा आणि थोडी रोकड काढून ठेवा. मोबाइलवरून पैसे सगळीकडे घेतात, पण त्याला रेंज लागते, आणि कोकणात रेंज वळणावळणाला रुसते. वाटेत शृंगारतळी लागते, ती या भागातली मोठी बाजारपेठ. औषध, चार्जर, चप्पल, जे विसरलं असेल ते तिथं घ्या. गुहागरात दुकानं आहेत, पण दुपारी झोपतात.

राहणं आणि जेवण

गुहागरची रचना आधी समजून घ्या. समुद्राला समांतर एक लांब रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरं. पश्चिमेकडच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं, मग पुळण म्हणजे वाळूचा किनारा, आणि समुद्र. गावाचे भाग खालचा पाट आणि वरचा पाट, मध्ये व्याडेश्वराचं देऊळ आणि एसटी स्थानक. राहायची जागा ठरवताना एकच प्रश्न विचारा: "मागच्या दाराने समुद्रावर जाता येतं का?" हो म्हणाले तर बाकी सोयी थोड्या कमी असल्या तरी चालतील. सकाळी उठून, गडग्यांमधल्या, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या पायवाटेने, पोफळींच्या सावलीतून पाच मिनिटांत पाण्यापाशी जाण्यात जे सुख आहे ते डोंगरावरच्या वातानुकूलित खोलीच्या गॅलरीत नाही.

बऱ्याच घरांनी वाडीतच चार-सहा खोल्या बांधल्यात. तिथं राहिलात तर जेवणाची आगाऊ वर्दी द्यायची पद्धत आहे: सकाळी न्याहारीच्या वेळी दुपारचं, दुपारी रात्रीचं. आयत्या वेळी चार माणसं वाढली तर काकू काही बोलणार नाहीत, पण भात पुन्हा चढवावा लागतो हे लक्षात ठेवा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचं आणि नग मोजून सांगायचे. "थोडे करा" या शब्दाला तिथं अर्थ नाही.

शाकाहारी घरांत आंबोळ्या, घावणं, कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, फणसाची भाजी असं त्या-त्या दिवसांत जे असेल ते मिळतं. यादी मागू नका, आज काय आहे ते विचारा. मासे खाणाऱ्यांनी खोली घेतानाच विचारून घ्यावं, कारण अनेक वाड्यांत मांसाहार चालत नाही. त्यासाठी गावातल्या खानावळी आहेत. तिथंही फळ्यावर काय लिहिलंय त्यापेक्षा आज काय आलंय हा प्रश्न बरा.

पहिला दिवस: गावातच राहा

पोचल्या दिवशी गाडीची किल्ली बाजूला ठेवा. गाव पायी बघण्याजोगं आहे.

व्याडेश्वर हे अनेक कोकणस्थ घराण्यांचं कुलदैवत, त्यामुळे इथं पर्यटकांपेक्षा "आमचा कुळाचार आहे" म्हणून आलेली कुटुंबं जास्त भेटतात. देऊळ शिवपंचायतनाचं: मध्ये महादेव आणि आवाराच्या चार कोपऱ्यांत गणपती, देवी, सूर्य आणि लक्ष्मीनारायण यांची छोटी देवळं. अभिषेक करायचा असेल तर आदल्या दिवशी गुरुजींशी बोलून घ्या. नुसतं दर्शन असेल तर सकाळी लवकर जा, दगडी फरशी थंड असते आणि घंटेव्यतिरिक्त आवाज नसतो.

वरच्या पाटात दुर्गादेवीचं देऊळ आहे. आणि उफराटा गणपती चुकवू नका. देऊळ लहान, गोष्ट मोठी. हा गणपती पूर्वी पूर्वेकडे तोंड करून होता म्हणे. समुद्र चढू लागला, गाव बुडायची वेळ आली, लोकांनी धावा केला, तेव्हा तो फिरून समुद्राकडे तोंड करून बसला आणि पाणी मागे हटलं. भरतीशी या गावाचं नातं किती जुनं आहे ते या एका गोष्टीत कळतं.

चार-साडेचारला पुळणीवर. किनारा जवळजवळ सहा किलोमीटर, सरळसोट आणि बहुतेक ठिकाणी मोकळा. खेळ-राइडवाले मधल्या भागात असतात. डावीकडे किंवा उजवीकडे पंधरा मिनिटं चाललात की तुम्ही आणि टिटव्या. गाडी वाळूत नेऊ नका. कासवांची घरटी असतात म्हणून, कायद्याने बंदी आहे म्हणून, आणि मऊ वाळूत रुतलेली गाडी काढताना भरती येत असेल तर काय होतं ते मी एकदा दुरून पाहिलंय म्हणून. ट्रॅक्टर आला तोपर्यंत पाणी दारापर्यंत चढलं होतं.

पाण्यात उतरण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथं चूक परवडत नाही. किनारा सपाट दिसतो म्हणून सुरक्षित वाटतो. धोका लाटेचा कमी आणि ओढीचा जास्त. ओहोटी लागली की पाणी मागे खेचतं, पायाखालची वाळू सरकते, आणि कंबरभर पाण्यात उभा असलेला माणूस दोन मिनिटांत छातीभर पाण्यात जातो. म्हणून डुंबायचं ते पाणी चढत असताना, म्हणजे भरतीच्या आधीच्या दोन-तीन तासांत. पौर्णिमेच्या आसपास ही वेळ सकाळी नऊ ते अकरा. संध्याकाळी मात्र फक्त पाय भिजवायचे. अष्टमीच्या सुमारास दुपारी चार ते सहा. कमरेच्या वर जायचं नाही, दारू पिऊन तर अजिबात नाही. लाटा फुटत असतात त्यात मध्येच एखादा पट्टा शांत, गढूळ दिसतो. नवख्याला तीच जागा बरी वाटते, आणि नेमकी तिथूनच पाणी आत जात असतं. ओढीत सापडलातच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे वळा. आणि गावातला कुणी "आज नको" म्हणाला तर वाद न घालता बाहेर या.

दुसरा दिवस: उत्तरेला, अंजनवेल आणि खाडीपलीकडे

हा दिवस भरतीवर अवलंबून नाही, म्हणून दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी कुठेही बसवता येतो. फक्त सकाळी लवकर निघा, कारण किल्ल्यावर सावली कमी.

अंजनवेलच्या टोकाला गोपाळगड. वाशिष्ठी जिथं समुद्राला मिळते त्या मुखावर हा बसलाय, आणि दाभोळ बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक जहाजावर त्याची नजर होती. आदिलशाही, शिवाजी महाराज, जंजिऱ्याचा सिद्दी, मग तुळाजी आंग्रे, पेशवे आणि 1818 मध्ये इंग्रज, असा त्याचा प्रवास. गोपाळगड हे नाव तुळाजीने दिलेलं. जमिनीच्या बाजूला खोल खंदक आहे, तो आधी नीट बघा. तटाची उंची खंदकात उतरल्यावरच कळते. आत वर्षानुवर्षं आंब्याची कलमं आहेत. आंब्याच्या दिवसांत फळाला हात लावू नका, ही साधी गोष्ट सांगावी लागते याचं वाईट वाटतं.

जवळच टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह. दीपगृह आतून बघायच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आधी विचारून मगच क्रम लावा: वेळ संध्याकाळची निघाली तर किल्लाही परतीच्या वाटेवर ठेवता येतो. कड्यावरून खाली बघताना कधीकधी डॉल्फिनची पाठ दिसते. दुर्बीण असेल तर न्या. डॉल्फिन दाखवण्यासाठी बोटीही मिळतात, पण सकाळच्या शांत पाण्यातच जा आणि अंगात लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नका.

या वाटेवर तुम्हाला मोठमोठी धुराडी आणि टाक्या दिसतील. हाच तो एनरॉन या अमेरिकी कंपनीचा "दाभोळ" वीज प्रकल्प. नाव दाभोळचं, जागा खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात. नव्वदच्या दशकात राज्याचं राजकारण ढवळून काढणारी कंपनी 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली, प्रकल्प पुढे रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे आला. नव्वदच्या दशकात मराठी वर्तमानपत्रं वाचलेल्या माणसाला इथं थांबून दोन मिनिटं बघावंसं वाटतंच. फोटो काढू नका, परिसर संवेदनशील आहे.

दुपारआधी धोपाव्याहून बोटीने दाभोळला जा. गाडी अलीकडे ठेवूनही जाता येतं, दाभोळ पायी होतं. बहमनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. आज धक्क्यावर मासळीच्या टोपल्या आणि मागे आदिलशाहीतली अंडा मशीद. विजापुरी धाटणीचा तिचा घुमट एवढ्या लहान गावात अचानक समोर येतो तेव्हा बंदराचं जुनं वैभव आपोआप कळतं. वर चंडिकादेवीचं भुयारी देऊळ आहे. आत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडात वाकून जायचं. मोबाइलचा टॉर्च लावू नका. डोळे सरावायला एक मिनिट द्या, वाट दिसते.

तिसरा दिवस: दक्षिणेला, आणि इथं तिथी लागते

गुहागरहून पालशेत, वेळणेश्वर, हेदवी असा रस्ता. वेळणेश्वर-हेदवीपर्यंतचं अंतर वीस-पंचवीस किलोमीटरच, पण रस्ता सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यावर चढतो, खाडीपाशी उतरतो, पुन्हा चढतो. तासभर धरा, आणि वळणावर हॉर्न वाजवा, समोरून एसटी येते.

क्रम असा ठेवा की भरतीच्या अर्धा तास आधी तुम्ही हेदवीच्या किनाऱ्यावर असाल. उदाहरणार्थ वद्य द्वितीया असेल तर दोन पाऊणे दीड. म्हणजे एक वाजता तिथं. मग सकाळी आठला निघून आधी वेळणेश्वर. इथला किनारा कोयत्याच्या आकाराचा, माडांनी वेढलेला, काठावर महादेवाचं देऊळ. दर्शन, चहा, पाण्यात पाय. साडेअकराला हेदवीच्या दशभुजा गणपतीकडे. देऊळ टेकडीच्या अंगाला, मूर्ती पांढऱ्या संगमरवराची, दहा हातांची, मांडीवर लक्ष्मी. पेशवाईच्या काळातली म्हणतात. गाभारा दुपारी बंद होण्याची वेळ आधी विचारून घ्या, नाहीतर तुमची सगळी आखणी त्या एका कुलपापाशी अडते.

तिथून किनाऱ्यावर उतरायचं, उमामहेश्वराच्या देवळाशेजारून खडकावर चढायचं, आणि समोर बामणघळ. एक ब्राह्मण तिच्यात पडला म्हणून हे नाव, असं गावात सांगतात. खरंखोटं माहीत नाही, पण गोष्टीतला इशारा घ्या. खडक शेवाळाने निसरडा असतो, आणि पाच लाटा साध्या गेल्यावर सहावी डोक्यावरून येते. काठापासून दहा-बारा पावलं मागे, कोरड्या खडकावर बसा. ओला खडक म्हणजे तिथपर्यंत पाणी पोचतंय, एवढं साधं आहे. पायात पकड असलेली चप्पल, मुलांचा हात हातात, आणि पाठ समुद्राकडे करून फोटो नाही.

थंडीत समुद्र शांत असला तर भरती असूनही पाणी फार उंच उडत नाही. निराश होऊ नका, आवाज ऐका. पाणी घळीत शिरताना आतली हवा दाबली जाते आणि कातळाच्या पोटातून घुमल्यासारखा हुंकार येतो. मला तर उडणाऱ्या पाण्यापेक्षा तोच जास्त आवडतो.

वेळ आणि दम उरला तर पुढे तवसाळ, तिथून फेरीबोटीने जयगड. इथल्या लोकांच्या तोंडी तिला जंगलजेटी असंही नाव आहे. पलीकडे जयगडचा किल्ला, कऱ्हाटेश्वराचं समुद्राला टेकलेलं देऊळ, आणखी पुढे मालगुंडला कवी केशवसुतांचं स्मारक आणि मग गणपतीपुळे. पण खरं सांगायचं तर हे एका दिवसात कोंबू नये. जयगड आणि मालगुंडसाठी चौथा दिवस ठेवा, किंवा गणपतीपुळ्याकडून रत्नागिरीला जाऊन तिथून रेल्वे पकडा. परत गुहागरला येण्यापेक्षा हा रस्ता मला शहाणपणाचा वाटतो.

कासवं

ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च इथं रात्री अंडी घालायला येतात. वनविभाग आणि गावातले कासवमित्र ती अंडी किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि सकाळी किंवा संध्याकाळी समुद्रात सोडतात. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणचिठ्ठी लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत याच गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून, सगळा दक्षिण भारत वळसा घालून. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगळी, अशी समजूत होती. या एका मादीने अभ्यासकांना पुन्हा विचार करायला लावला.

पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या, आणि रोज संध्याकाळी वनविभागाच्या माणसाला "उद्या काही आहे का?" एवढंच विचारा. तारीख कुणी देऊ शकत नाही. दिसली तर दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. रात्री पुळणीवर टॉर्च घेऊन हिंडू नका. उजेड दिसला तर वर येणारी मादी अंडी न घालताच मागे फिरते.

निघताना

आमसुलं, कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ आणि सुपारी ही खरेदी शक्यतो जिथं राहिलात त्या घरातूनच करा. सोललेला नारळ प्रवासात टिकत नाही, अर्धवट शेंडी ठेवूनच मागा. आगळाची बाटली बॅगेत उभी ठेवा आणि झाकणावर प्लॅस्टिक बांधा. आमच्या एका पांढऱ्या चादरीवर त्याचा डाग अजून आहे. चिपळूणला रेल्वे पकडायची असेल तर गाडीच्या वेळेआधी तीन तास गुहागर सोडा. एसटी वेळेवर आली तर स्टेशनवर तासभर बसाल, पण घाटातला एखादा बिघडलेला ट्रक तो तास सहज खाऊन टाकतो.